होर्डिंगवरची मुलगी माझ्या फोटोतली राहिली नाही. ब्युटी फोटोग्राफीत पुढे जाऊ की लग्नंच करत राहू?

फोंड्याचा_फोकस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी फोंड्याचा. बाबांचा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, फ्रेमिंग. मी आल्तिनोला कला महाविद्यालयात अप्लाइड आर्ट केलं आणि गेली चार वर्षं बाबांबरोबर लग्नं करतोय. पण माझं मन रमतं ते चेहऱ्यात, म्हणजे अगदी जवळून, जिथे पापणीचा केस न् केस दिसतो, ओठांवरची लव दिसते, तिथे. कॉलेजपासून मैत्रिणींचे, बहिणीचे असे फोटो काढत आलो आणि त्यातूनच मार्चमध्ये पहिलं खरं काम मिळालं. इथल्याच एका छोट्या स्किनकेअर ब्रँडचं. नाव लिहीत नाही.

शूट लोटलीला एका जुन्या घरात केलं. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत तिथे, सकाळी साडेआठ-नऊला त्यातून जो उजेड येतो तो मी कुठल्याच सॉफ्टबॉक्समधून काढू शकलेलो नाही. मॉडेल केप्याची, १९ वर्षांची, कॉलेजला जाणारी, सावळी, आणि गालावर एक तीळ. मी एका बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला थर्माकोल, एवढ्यावरच सगळं केलं. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं की हेच करायचं आयुष्यभर.

जूनमध्ये होर्डिंग लागलं हायवेला. मुलगी दोन-तीन शेड गोरी, तीळ गायब, नाकाची कडा बारीक. मी दिलेल्या फाइलवर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी काम करून घेतलं होतं, मला विचारलंही नाही. आणि चार दिवसांनी त्या मुलीची आई स्टुडिओत आली. भांडायला वगैरे आली नव्हती. मोबाइलमधला होर्डिंगचा फोटो बाबांच्या काउंटरवर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "ही म्हजी धूव न्हय." (ही माझी मुलगी नव्हे.) बाबा माझ्याकडे बघत राहिले.

तर प्रश्न दोन आहेत. एक, मी नक्की कुठे चुकलो आणि पुढे हे कसं टाळायचं. दुसरा, गोव्यात राहून फॅशन-ब्युटीचा फोटोग्राफर होता येतं का, की मुंबई गाठावीच लागते? बाबा म्हणतात हातातली लग्नं सोडू नकोस. त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही.

मेकअपवाली_मडगाव

वाचून गलबलून आलं रे. त्या आईचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी बारा वर्षं ब्रायडल आणि मधूनमधून फॅशन करते. पहिली चूक बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या आधी, माझ्या खुर्चीतच होते हे आधी सांगते. मुलगी बसली की घरचे म्हणतात "थोडी उजळ करा", आणि आर्टिस्ट जबड्याच्या रेषेवर शेड जुळवून न बघता दोन नंबर वरचा बेस लावते. मग मान वेगळी, हात वेगळे, कान वेगळे. फोटोग्राफरला ते जुळवायला एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि तिथून सगळं घसरतं. तू पुढच्या वेळी मेकअप झाल्यावर मॉडेलला खिडकीशी उभी कर आणि चेहरा, मान, हाताची मागची बाजू तिन्ही एका नजरेत बघ. जुळत नसेल तर शूट थांबव, पुसायला लाव. चांगली आर्टिस्ट रागावणार नाही.

दुसरं म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन खाली असेल तर आरशात काही कळत नाही पण फ्लॅश उडाला की चेहरा पिठासारखा पांढरा येतो. सावळ्या त्वचेवर जास्तच. म्हणून मी मेकअप झाला की आधी मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघते, तेवढ्याने कळतं.

आणि आपल्याकडची दमट हवा! मुंबईहून येणाऱ्या टीम अकराला कॅमेरा काढतात आणि मग दिवसभर टिश्यूने टिपत बसतात. मी पहाटे चारला मॉडेलला खुर्चीत घेते, साडेसहाला तयार. ब्युटी शूटला दीड-दोन तास मेकअपचे धरायचेच, त्यात घाई केलीस तर ती घाई क्लोजअपमध्ये दिसते.

म्हापसा_स्टुडिओ

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझा स्टुडिओ वडिलांपासूनचा. वडील निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायचे, डोळ्याखालचं काळं, देवीचे व्रण, सगळं हातानं मऊ करायचे, आणि लोक खुश होऊन जायचे. म्हणजे चेहरा "बरा" करून देणं हे आपल्या धंद्यात पहिल्यापासून आहे. आज माझ्याकडे नवरी येते तीच सांगते, काका जरा गोरी करा. मी नाही म्हटलं तर ती समोरच्या दुकानात जाईल. कॅमेऱ्याचा हप्ता आहे, दोन पोरं कामाला आहेत, पावसाळ्याचे चार महिने दुकान अर्धं रिकामं. पैसे देणारा ब्रँड आहे, फोटो त्याचा, त्याने काय करायचं ते तो ठरवणार. पोराने स्वतःला एवढं खाऊ नये असं मला वाटतं.

गोव्यात राहून होईल का, याचं माझं उत्तर अर्धं हो. ऑक्टोबर ते मार्च मुंबई-दिल्लीच्या टीम इथे कपड्यांचे कॅटलॉग, रिसॉर्टवेअर, स्विमवेअर शूट करायला येतात. पण फोटोग्राफर, मेकअप, स्टायलिस्ट सगळे तिकडून घेऊन येतात. इथला माणूस लागतो तो गाडी, जागा आणि परवानग्यांसाठी. मी आठ वर्षं तेच करतोय आणि त्यात पैसे आहेत. कुठलं काम कुणाच्या अखत्यारीत ते माहीत पाहिजे. जुन्या गोव्याची मोठी चर्चेस पुरातत्त्व खात्याकडे, सिनेमाच्या शूटिंगसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, कुठे पंचायत तर कुठे खासगी घरमालक. फोंतेन्यासमध्ये, पणजीच्या त्या जुन्या वस्तीत, लोक वैतागलेत, पर्यटक कुणाच्याही बाल्कांववर (घरापुढच्या ओसरीवर) चढून पोझ देतात, आता घराघरांवर फोटो काढू नये अशा पाट्या आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे. पर्रा पंचायतीने २०१९ मध्ये त्या माडांच्या रस्त्यावर फोटोला शुल्क लावलं होतं ते आठवत असेल. दाबोळीच्या बाजूला ड्रोन काढायचा विचारसुद्धा नको, नौदलाचा तळ आहे.

हे सगळं शिकलास तर टीममध्ये शिरायला दार मिळतं. आत शिरल्यावर कॅमेरा कधी हातात येईल ते मात्र सांगता येत नाही.

जुना_सहायक

म्हापसेकरांनी हप्ता आणि पावसाळ्याबद्दल जे लिहिलंय ते मान्य. पण "फोटो त्याचा" हे मान्य नाही, त्याबद्दल शेवटी.

मी मूळचा डिचोलीचा, १९९६ ला मुंबईला गेलो आणि आठ वर्षं फॅशन-जाहिरात फोटोग्राफरांकडे सहायक होतो, मग स्वतःचं काम केलं, आता पाच वर्षं परत गावी आहे. तुझं पत्र वाचून मला माझे पहिले दिवस आठवले म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं वर्षभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. थर्माकोल धरणे, स्टँडला वाळूच्या पिशव्या बांधणे, फिल्म मॅगझिन भरणे, पोलरॉइड काखेत धरून गरम ठेवणे, हेच काम. मिडियम फॉरमॅटच्या एका रोलवर १२ फ्रेम, आणि स्लाइड फिल्मला उजेड अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) इकडेतिकडे झालेला चालत नसे, म्हणून प्रत्येक फ्रेमच्या आधी मोजायचं. ती मोजायची सवय मला आजपर्यंत पुरली. तुझ्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे, कसा ते सांगतो.

कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. सावळ्या मुलीने पांढरा ड्रेस घातला की तो ड्रेस बघून एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग एडिटिंगला बसलेला माणूस सगळंच उचलतो, त्वचेतली खोली जाते, राखाडी होते, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी उजळ करतात. म्हणून हातातला लाइट मीटर घे, चेहऱ्यापाशी धर, पडणारा प्रकाश मोज, ड्रेस कुठलाही असो. आणि सावळ्या चेहऱ्याला जास्त लाइट लागत नाही, मोठा लाइट लागतो. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीतून दिसतो, सावळ्या चेहऱ्याचा आकार त्याच्यावर पडलेल्या चकाकीतून दिसतो. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, खांद्यावर ती चकाकी लांब आणि मऊ यायला हवी, त्यासाठी उगम मोठा आणि जवळ पाहिजे. तुझी शिंपल्यांची खिडकी नेमकं हेच करत होती! दुसऱ्या बाजूला पांढऱ्याऐवजी काळा थर्माकोल लावून बघ एकदा, जबडा कसा उभा राहतो ते.

अर्व्हिंग पेन या फॅशन फोटोग्राफरने १९५० साली पॅरिसच्या फॅशनचे ते प्रसिद्ध फोटो वरच्या मजल्यावरच्या एका स्टुडिओत, दिवसाच्या उजेडात आणि नाटकाच्या जुन्या पडद्यासमोर काढले. लाइट विकत घेण्याआधी त्या फोटोंसमोर तासभर बस. आणि तुझ्या बाबांच्या पासपोर्ट फोटोंना कमी लेखू नकोस, रिचर्ड अ‍ॅव्हडनसारखा मोठा फॅशन फोटोग्राफर दुसऱ्या महायुद्धात मर्चंट मरीनमध्ये खलाशांचे ओळखपत्राचे फोटो काढायचा. पांढऱ्या भिंतीपुढे माणूस सरळ उभा करायचा आणि दोन मिनिटांत त्याचा चेहरा ओळखायचा. त्याची पुढची पोर्ट्रेट्स बघ, तीच पांढरी भिंत.

आता करिअरचा रस्ता. मी जवळून किंवा लांबून पाहिलेल्यांपैकी कुणीच सरळ रस्त्याने आला नाही. आपले गौतम राजाध्यक्ष झेवियर्सला रसायनशास्त्र शिकले, मग लिंटासमध्ये जाहिरातीत बरीच वर्षं होते, १९८० च्या सुमारास नटनट्यांचे फोटो काढायला लागले आणि नोकरी बऱ्याच उशिरा सोडली. त्यांच्या फोटोत माणूस आश्वस्त दिसतो. ते बोलायचे भरपूर, वाचन दांडगं, समोरच्याला आपण इथे सुरक्षित आहोत असं वाटायचं, आणि लाइटच्या आधी तेच काम करून जायचं. २०११ ला गेले. प्रबुद्ध दासगुप्तांनी इतिहास शिकला, जाहिरातीत कॉपी लिहिली, फोटोग्राफी स्वतःच शिकले. फॅशनमध्ये एवढं मोठं नाव झाल्यावरही त्यांनी गोव्यातल्या कॅथलिक घरांमधले फोटो काढले, काळे-पांढरे, शांत, त्याचं पुस्तक २००९ ला आलं. फॅशनचा माणूस आपल्याच गल्लीतल्या आजीचा फोटो किती हळुवारपणे काढतो ते त्यात दिसतं. २०१२ ला गेले, वय फक्त ५५.

म्हणून माझं मत, मुंबईला जा पण स्थायिक व्हायला जाऊ नकोस. दोन वर्षं सहायक म्हणून जा. स्वतःचा पोर्टफोलिओ घेऊन एजन्सीच्या पायऱ्या चढण्याआधी दुसऱ्याच्या सेटवर उभा राहा. ब्युटी हे काम एकट्याचं नाही, मेकअप, केस, स्टायलिस्ट, रिटचर (काढलेल्या फोटोवर कॉम्प्युटरवर हात फिरवणारा), मॉडेल अशा पाच-सहा जणांचं आहे आणि ती माणसं तुला सेटवरच भेटतात. टेस्ट शूट म्हणजे कुणी कुणाला पैसे न देता सगळ्यांनी आपापल्या पोर्टफोलिओसाठी केलेलं काम, ते दर महिन्याला एक तरी कर. पोर्टफोलिओत १५ फोटो पुरे. सोळावा घालायचा तर एक काढून टाक.

फोटो कुणाचा याबद्दल कायद्याचं मला नीट सांगता येणार नाही, इथे कुणी तरी असेलच.

हिशेबवही

आहे, मी आहे. सीए आहे, काही फोटोग्राफर अशील आहेत, त्यामुळे हा विषय रोजचा.

म्हापसेकर, तुम्ही अर्धे बरोबर आहात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो पैसे देणाराच. म्हणजे फोंड्याच्या या मुलाने काही लिहून घेतलं नसेल, आणि माझा अंदाज आहे की व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके दादा डन" एवढंच असेल, तर मालकी ब्रँडची.

पण त्याच कायद्यात कलम ५७ आहे. मालकी कुणाचीही असो, फोटो काढणारा हा लेखक, आणि त्याच्या नावाला, प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड किंवा विकृती केली तर त्याला हरकत घेता येते, नुकसानभरपाई मागता येते. हा हक्क कॉपीराइट विकल्यावरही राहतो. लगेच कोर्टात जा असं म्हणत नाहीये मी, पण पत्र लिहिताना या कलमाचा उल्लेख असला की समोरचा पत्र दोनदा वाचतो.

पुढच्या वेळी एका पानाचा करार, मराठीत केलास तरी चालेल. कशासाठी वापरणार (होर्डिंग, पॅकिंग, इन्स्टा, सगळं वेगवेगळं लिही), किती काळ, कुठे. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश सांगितला नाही तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं आणि पूर्ण भारत असं धरलं जातं, म्हणजे न बोलता तू पाच वर्षं देऊन टाकलीस. त्यातच एक ओळ घाल: त्वचेचा रंग, चेहऱ्याची ठेवण आणि कायमच्या खुणा फोटोग्राफर आणि मॉडेल दोघांच्या लेखी संमतीशिवाय बदलायच्या नाहीत. मॉडेलची संमती वेगळ्या कागदावर, आणि ती १८ पूर्ण आहे का ते आधी बघ, अज्ञान, म्हणजे १८ च्या आतल्या व्यक्तीची स्वतःची सही करारात चालत नाही, पालक लागतात.

पैशाचं. अर्धे आगाऊ, तारीख नक्की करतानाच. ब्रँड टीडीएस कापेल, तो तुझ्या २६एएस मध्ये (प्राप्तिकर खात्याकडचा तुझ्या कराचा तक्ता) दिसतो का ते दर तिमाहीला बघ, बऱ्याच जणांचा कापला जातो आणि भरलाच जात नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवेसाठी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. आणि आजच उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कर, फुकट आहे. नोंदणी असली की मान्य केलेल्या कामाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला ग्राहक कायद्याने बांधील असतो, नंतर व्याज लागतं. फॅशनमध्ये चार-चार महिने बिलं अडकतात म्हणून सांगतोय.

रिटच_रात्रपाळी

त्या होर्डिंगवर काम करणारा मीच असू शकलो असतो, म्हणून लिहितोय. म्हणजे तो मी नव्हतो, पण असं काम मी केलंय.

मी सावंतवाडीला घरून रिटचिंग करतो, मुंबईच्या स्टुडिओंची फाइल रात्री येते, सकाळी जाते. सोबत एक ओळ असते, "स्किन क्लीन, टोन ब्राइट". मुलीचं नाव नसतं, कुठली ते नसतं. चांगल्या ब्युटी फोटोला तीन-चार तास लागतात. फ्रीक्वेन्सी सेपरेशनने पोत आणि रंग वेगळे करायचे, मग डॉज-बर्नने एकेक छिद्राच्या आजूबाजूचा उजेड सारखा करायचा, छिद्र ठेवून. पण ज्याला एका फोटोचे शंभर-दीडशे रुपये मिळतात तो ब्लर मारतो आणि कर्व्ह उचलतो (सगळंच सरसकट उजळ करतो), पाच मिनिटांत मोकळा. गोरेपणा बऱ्याचदा असा येतो, घाईतून. कुणी ठरवून करत नाही पण थांबवतही कुणी नाही.

मी आता स्वतःला एक सवय लावलीय. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढतो, म्हणजे पुटकुळी, भुवई केल्यावरचा लालपणा, लिपस्टिकचा डाग, उडालेला केस. जे दहा वर्षांनीही असणार आहे, तीळ, व्रण, खळी, दातांमधली फट, त्याला हात लावण्याआधी विचारतो. उत्तर आलं नाही तर ठेवतो. दोन ग्राहक गेले यात. एक परत आला.

तुला एक करता येईल. फाइल देताना रिटच न केलेला नुसता जेपेग देऊ नकोस, तुझ्याकडूनच रिटच झालेला अंतिम फोटो दे आणि कच्ची फाइल देणार नाही असं करारात लिही. रिटचरचे पैसे तुझ्या कोटेशनमध्येच धर. शूटला पहिल्या फ्रेममध्ये मॉडेलच्या हातात कलर चेकर (ठरावीक रंगांच्या चौकटींचं कार्ड) दे, म्हणजे तिचा खरा रंग कोणता यावर वादच राहत नाही, आणि मॉनिटर कॅलिब्रेट करून घे. फ्लेक्सच्या छपाईत रंग सरकतो, म्हणून छपाईचा नमुना बघायला मागायचा, लाजायचं नाही.

बाहेर याबद्दल कायदे झालेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलच्या शरीराची ठेवण बदललेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं, नॉर्वेत २०२२ पासून रिटच केलेल्या जाहिरातीवर खूण लागते. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०१४ लाच गोरेपणाच्या जाहिरातींसाठी नियम केले की सावळ्या माणसाला कमी लेखून दाखवायचं नाही. १९७५ पासूनच्या फेअर अँड लव्हलीने २०२० ला नावातला फेअर काढला. आमच्याकडे येणारी ती एक ओळ मात्र अजून तशीच येते.

एआयचं कुणी विचारण्याआधी सांगतो. कपड्यांच्या साध्या कॅटलॉगचं काम माझ्याकडचं निम्म्याने कमी झालंय. खऱ्या त्वचेच्या क्लोजअपचं काम कमी झालेलं नाही, उलट क्रीम विकणाऱ्या एक-दोघांनी या वर्षी स्वतःहून सांगितलं की छिद्रं दिसू देत.

सावळी

मी सहसा लिहीत नाही. काणकोणची आहे, आता शाळेत शिकवते, कॉलेजात असताना तीन वर्षं मॉडेलिंग केलं, दागिने, साड्या, एकदा सनग्लासेस.

मला गोरं केलेले फोटो घरात लावलेले नाहीत. आई म्हणायची पैसे मिळाले ना, झालं. पण माझ्या लहान बहिणीने एकदा तसा फोटो बघून विचारलं की तू अशी कधी होणार, आणि मला काही सुचलं नाही. ती तेव्हा सात वर्षांची होती.

म्हापसेकर काका, नवरी स्वतः म्हणते गोरी करा, ते खरंच आहे. पण ती असं का म्हणते ते तुम्हालाही माहीत आहे, तिने लहानपणापासून आमच्यासारख्यांचेच धुतलेले फोटो बघितलेत.

एकाच शूटचे फोटो मी जपून ठेवलेत. कुणबी साडी होती, लाल चौकड्यांची, आणि त्या फोटोग्राफर ताईंनी दर दहा-पंधरा फ्रेमनंतर मला बोलावून स्क्रीन दाखवली. बघ, इथे तुझी मान छान आलीय, हा आवडला का, हा नको वाटतो का. कपडे बदलायला दार लागणारी खोली होती. सेटवर कोण कोण असणार ते आदल्या दिवशी सांगितलं होतं. आईला खुर्ची आणि चहा दिला. एवढंच लागतं हो. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडी परत लोकांपुढे आणली तेव्हा आमच्याकडच्या बायकांना केवढं वाटलं होतं, आजी म्हणायची की आम्ही शेतात नेसायचो ते आता मोठ्या लोकांच्या अंगावर. मग ती साडी नेसणारीचा रंग कशाला बदलायचा?

दादा, तुम्ही त्या मुलीशी बोललात का? आईशी नाही, मुलीशी.

म्हापसा_स्टुडिओ

सावळी, बाय, तुझं वाचलं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले. वडील पेन्सिल चालवायचे पण रंग कधी बदलायचे नाहीत, काळ्या-पांढऱ्यात तो बदलताही यायचा नाही फारसा, हे मला तुझं वाचल्यावर सुचलं. गेल्या आठवड्यात एक नवरी आली तिला मी दोन प्रिंट काढून दाखवले, एक तिने मागितला तसा आणि एक लाइट नीट करून पण रंग तोच ठेवून. तिने दुसरा घेतला. तिच्या सासूने पहिलाही घेतला. असो, एकाच नवरीचं आहे, त्यावरून मी काही म्हणत नाही.

फोंड्याच्या, पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवतोस? गेल्या वर्षी माझ्या १०५ मॅक्रोला बुरशी आली, काच उघडून साफ करायला पुण्याला पाठवावी लागली. झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेव, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. किनाऱ्यावरून आलास की खाऱ्या हवेचा थर आधी ओलसर फडक्याने पुसायचा, मग बॅग बंद करायची.

फोंड्याचा_फोकस

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. उशिरा लिहितोय कारण मधल्या काळात थोडं काही घडलं.

सावळीताई, नव्हतो बोललो. तुमचा प्रश्न वाचून मला माझीच लाज वाटली, इतके दिवस मी माझ्या फोटोचं काय झालं हेच धरून बसलो होतो. रविवारी केप्याला गेलो. जाताना मूळ फाइलमधून एक प्रिंट काढून नेला, १२ बाय १८, मॅट कागदावर, तीळ, छिद्रं, सगळं आहे तसं, फक्त कपाळावरचा एक सुटा केस काढला. ती बाहेर आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली की शूटच्या दिवशी तुम्ही मला स्क्रीन दाखवलीच नव्हती. खरंच दाखवली नव्हती. लाइट जाईल म्हणून घाईत होतो. तिच्या आईने तो प्रिंट देवघराच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि आम्हाला सोलकढी दिली.

ब्रँडला हिशेबवही यांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं, कलम ५७ सकट. त्यांचा फोन आला, आधी आवाज चढा होता, मग खाली आला. होर्डिंगची मुदत तशीही संपत आलीय, पण बाटलीच्या खोक्यावर तोच फोटो जाणार होता आणि तो आता माझ्या फाइलवरून छापणार म्हणाले. लेखी द्या म्हटलं, अजून आलेलं नाही. आलं की कळवतो. उद्यम नोंदणी केली. करार मराठीत लिहिलाय, मसुदा इथे टाकतो एक-दोन दिवसांत, चुका काढा.

बाबांशी पण बोललो. म्हणजे त्यांनीच विषय काढला. कपाटातून १९९४-९५ सालचे पासपोर्ट फोटोंचे लिफाफे काढून बसले, गल्फला आणि बोटीवर जाणाऱ्या माणसांचे, शेकडो चेहरे, सगळे सरळ कॅमेऱ्याकडे बघणारे. मी अ‍ॅव्हडनचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत, एक फोटो उचलून म्हणाले, याला मी तीनदा परत बसवला होता, डोळ्यांत भीती दिसत होती म्हणून. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की नोव्हेंबरच्या लग्नांपर्यंत दोन महिने मोकळे असतात, तेवढे मुंबईला जा, म्हणाले, मग बघू. तर दोन वर्षं नाही, सध्या दोन महिने. जुना_सहायक काका, एवढ्यात कुणी ठेवून घेईल का सहायक म्हणून?

जुना_सहायक

घेईल. तू व्यनि (खासगी निरोप) कर, मी दोन ठिकाणी बोलून ठेवतो. दिवाळीच्या आधी दागिने आणि ब्युटीची कामं भरपूर असतात, हातांची गरज असतेच. रबरी तळव्याचे बूट घे, स्टुडिओच्या पांढऱ्या सायक्लोरामावर (भिंत आणि जमीन कोपरा न दिसता जोडलेली पार्श्वभूमी) डाग पडता कामा नयेत. काळे कपडे घालत जा, रंगीत शर्टाची झाक मॉडेलच्या गालावर पडते. एक छोटी वही ठेव आणि प्रत्येक शूटचा लाइट कुठे, किती उंच, किती लांब होता ते रात्री काढून ठेव.

आणि बाबांचे ते लिफाफे पावसात कपाटात ठेवू नका, दमट लागेल. म्हापसेकरांनी सांगितलाय तसल्या डब्यात घाला आणि शक्य तेवढे स्कॅन करून घे जाण्याआधी.